साल दोनदा वजा

आधी उबेला ठेवा.
बाहेर उणे बावीस, आणि तुम्ही कोटाच्या खिशातून काढून
सरळ खटका सरकवायला निघालात.
आत दव धरतं. तासभर बसा, चहा घ्या,
यंत्रालाही दाराशी बूट काढू द्या.

लुकेर्या सावेल्येव्ना बसल्या. डोक्यावरचा रुमाल सोडला नाही.
कोन्दोपोगाच्या कागद गिरणीमागे माझं एका खिडकीचं दुकान;
इथे येणारे सगळे तेच विचारतात, त्यांनीही विचारलं:
"यांचं आत काही उरलं असेल का?"

नाही. हे आधीच सांगून टाकते.
एमके-एकसष्ट हळूहळू विसरत नाही,
खटका मागे आला की एकशेपाच पायऱ्या कोऱ्या करकरीत.
पूर्वी आम्ही रोज सकाळी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचो,
आणि तो रोज नव्यानं ऐकायचा.

सेल तीन. कुणी काढलेच नव्हते.
पत्रीवर पांढरट हिरवी खपली.
काडीला कापूस, कापसाला व्हिनेगर,
फसफसलं की हात आवरायचा,
मग स्पिरिट, मग शाळेतलं खोडरबर.
पॉलिशपेपर नको. ते घाईतल्या माणसाचं हत्यार.

चार दाबला तर चव्वेचाळीस उमटतात.
जे बटण जन्मभर जास्त दाबलं जातं ते तोतरं होतं,
त्यावरून मालक ओळखावा.
ज्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचंय
त्याला चाराने भागावंच लागतं.
"लाकूडमाप?" मी विचारलं.
"वनखातं," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं."

उजळला. हिरवं शून्य, जरा डावीकडे कललेलं.
मी मुद्दाम शून्याने भागलं, तर म्हणाला: येग्गोग.
म्हणायचं असतं 'एरर',
पण सात रेघांच्या तोंडात मावेल तेवढंच येतं.
चूक सांगतानाही चुकतो,
म्हणून तर मी याच्यापाशी म्हातारी झाले.

कव्हरच्या आत पेन्सिलीत बारीक रांगा.
"मला वाटायचं, माझ्यासाठी काही लिहिलंय."
मी म्हटलं, वाचा, मी दाबते.
त्या वाचत गेल्या, पाढे म्हणावेत तशा,
आणि येर्मोलाय तिखोनोविच पायरी पायरीने
पुन्हा आत जाऊन बसले.

तपासायचं तर सोपा ओंडका घ्यावा.
व्यास तीस सेंटिमीटर, लांबी सहा मीटर.
सालीचे दोन वजा करून माझ्या कागदावर आलं
शून्य दशांश सदतीस. यंत्र म्हणे, बत्तीस.
पुन्हा केलं. बत्तीस.

अशा वेळी यंत्राला दोष देऊ नका.
पूर्ण वेगाने पळवू नका. एकेक पायरी चालवा,
प्रत्येक पायरीला थांबून विचारा: आता हातात काय आहे?
अकराव्या पायरीवर साल वजा झाली. बरोबर.
एकोणिसाव्यावर
पुन्हा वजा झाली.

मी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं.
सांगितलं: प्रत्येक झाडामागे थोडं लाकूड
हिशोबात आलंच नाही. नजरचूक असेल.

रुमाल सुटला तो तेव्हा.
"ज्या साली आम्ही बान्या बांधली," त्या म्हणाल्या,
"वाफेची न्हाणी हो, तळ्याकाठी, त्या साली पगार दोन महिने अडकला होता.
मी विचारलं, लाकूड कुठलं?
म्हणाले, शिल्लक."
आणि हसल्या. मग हसणं कुठेतरी अडखळलं,
चाराच्या बटणासारखं दोनदा आलं.

दुरुस्त करू? एकच पायरी पुसायची.
त्यांनी खटका स्वतःच मागे ओढला.
हिरवं गेलं.

सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा, एवढं मात्र ऐका.
आणि पैसे राहू द्या.

गेल्या शनिवारी बोलावलं होतं.
वाफ चांगली होती, बर्चच्या डहाळ्यांचा वास.
भिंती मी मोजल्या नाहीत, पाहुण्याने मोजू नयेत.
ओंडके जाडजूड.
साल मात्र नीट सोललेली,
एकदाच.